कादंबऱ्यांना भविष्य कळतं का? ‘बिग ब्रदर’पासून हजेरीच्या फोटोपर्यंत

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस केंद्राच्या दूरसंचार विभागाने मोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांना एक आदेश दिला. भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीपासूनच टाकलेलं असलं पाहिजे, मुदत ९० दिवस. कारण सांगितलं होतं ते सायबर फसवणूक आणि बनावट आयएमईआय क्रमांक रोखण्याचं. बातमी बाहेर आली आणि एकच गदारोळ झाला. विरोधकांच्या प्रतिक्रियांमध्ये आणि सोशल मीडियावर एक शब्द पुन्हा पुन्हा दिसत होता, ‘बिग ब्रदर’. मंत्र्यांनी ‘नको असेल तर ॲप काढून टाकता येईल’ असं सांगून पाहिलं, पण शेवटी ३ डिसेंबरला ही सक्तीच मागे घेतली गेली.

हा शब्द आला कुठून? १९४९ साली आलेल्या जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीतून. ज्यांनी ती कधी उघडलीही नाही, त्यांनाही बिग ब्रदर म्हणजे काय हे बरोबर कळतं. आणि अशी काही घटना घडली की ठरलेलं वाक्य कानावर येतंच: “ऑर्वेलने हे सगळं आधीच लिहून ठेवलंय.”

खरंच लिहून ठेवलंय का? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, साहित्याचा अभ्यासक नाही. पण ज्या प्रकारच्या यंत्रणांबद्दल या कादंबऱ्या बोलतात, त्यांच्यासारख्या यंत्रणा बनवणं हे माझ्यासारख्यांचं रोजचं काम आहे. त्या बाजूने पाहिलं की वेगळंच चित्र दिसतं. सत्तेला काय हवं असतं हे या लेखकांनी अचूक ओळखलं होतं. त्या सगळ्याला खर्च किती येईल, हे मात्र त्यांना कळलं नाही. आणि आज आपली फसगत नेमकी तिथेच होतेय.

बरोबर आलेलं आणि हुकलेलं

आधी बरोबर आलेल्या गोष्टी बघू. ई. एम. फॉर्स्टरने १९०९ मध्ये ‘द मशीन स्टॉप्स’ ही कथा लिहिली. त्यात माणसं जमिनीखाली आपापल्या खोलीत एकटी राहतात, जेवण बटणावर येतं, नातेवाइकांशी बोलणं पडद्यावर होतं, व्याख्यानंही बसल्या जागेवरून दिली आणि ऐकली जातात. प्रत्यक्ष भेटणं म्हणजे त्यांना संकट वाटतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ही कथा पुन्हा वाचली गेली यात नवल नाही. रे ब्रॅडबरीची ‘फॅरनहाइट ४५१’ १९५३ सालची. तिच्यात लोक कानात शिंपल्याएवढे रेडिओ घालून झोपतात, घरात भिंतीएवढे टीव्ही आहेत आणि नायकाच्या बायकोला त्या टीव्हीतली पात्रं घरच्या माणसांसारखी वाटतात. मेट्रोच्या डब्यात एकदा नजर फिरवा, मग यात किती तथ्य आहे ते तुम्हीच ठरवा.

आता हुकलेल्या गोष्टी. विल्यम गिब्सनने ‘सायबरस्पेस’ हा शब्द रुजवला. त्याची ‘न्यूरोमॅन्सर’ (१९८४) ही हॅकरांची आवडती कादंबरी. ती त्याने टाइपरायटरवर लिहिली, आणि तिच्यातल्या झगमगीत भविष्यात मोबाइल फोनच नाहीये! एका प्रसंगात नायक हॉटेलातल्या सार्वजनिक फोनच्या रांगेसमोरून चालत जातो आणि एकेक फोन वाजत राहतो. ऑर्वेलच्या ‘१९८४’ मध्ये आज आपण ज्याला कॉम्प्युटर म्हणतो तसं काही नाही. जुनी वर्तमानपत्रं बदलण्याचं काम कारकून करतात, आणि कागद नळ्यांमधून इकडून तिकडे जातात.

आमच्या क्षेत्रात एखाद्या मॉडेलची चाचणी घेताना फक्त बरोबर आलेली उत्तरं मोजली तर कुठलंही मॉडेल शंभर टक्के अचूक ठरेल. भविष्य सांगणाऱ्या कादंबऱ्यांचं आपण नेमकं हेच करतो. लागलेले नेम लक्षात ठेवतो, हुकलेले विसरून जातो. म्हणून ‘लेखकाला आधीच दिसलं होतं’ हे स्पष्टीकरण मला पुरेसं वाटत नाही. नातं आहे, पण ते वेगळ्या तऱ्हेचं आहे.

मग नातं काय आहे?

पहिली गोष्ट, लेखक भविष्याचं नाव घेऊन आपल्याच काळाबद्दल लिहीत असतो. येवगेनी झाम्यातिन हा रशियन लेखक शिक्षणाने जहाजबांधणीचा इंजिनिअर होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला रशियासाठी बर्फफोड्या जहाजांच्या कामावर होता. घड्याळ लावून कामगाराची प्रत्येक हालचाल मोजणाऱ्या टेलरच्या ‘वैज्ञानिक व्यवस्थापना’चा तेव्हा बोलबाला होता. परत गेल्यावर त्याने ‘वुई’ (आम्ही) ही कादंबरी लिहिली. तिच्यात माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत, घरं काचेची आहेत, दिवस वेळापत्रकाने बांधलेला आहे आणि गोष्ट सांगणारा स्वतः इंजिनिअर आहे. १९२४ मध्ये ती इंग्रजीत आली; मायदेशात छापली जायला १९८८ साल उजाडलं. ऑर्वेलने ती वाचून १९४६ मध्ये तिच्यावर लिहिलंही होतं. स्वतः ऑर्वेलने १९४१ ते १९४३ अशी दोन वर्षं बीबीसीच्या हिंदुस्थानसाठीच्या विभागात युद्धकाळातला प्रचार आतून पाहिला होता. म्हणजे दोघांनीही डोळ्यांसमोर दिसणारी रेष पुढे वाढवली. भविष्य पाहायला त्यांना दिव्यदृष्टी लागली नाही.

दुसरी गोष्ट, इंजिनिअर लोक कादंबऱ्या वाचतात. ऐकायला साधं वाटतं, पण परिणाम मोठा आहे. जॉन ब्रनरच्या ‘द शॉकवेव्ह रायडर’ (१९७५) या कादंबरीत नेटवर्कमधून स्वतःच पसरत जाणारा एक प्रोग्रॅम आहे, त्याला त्याने ‘वर्म’ म्हटलं. पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधकांनी आपल्या प्रयोगासाठी हेच नाव उचललं, आणि १९८८ च्या मॉरिस वर्मनंतर तो सायबर सुरक्षेतला नेहमीचा शब्द झाला. ‘मेटाव्हर्स’ हा नील स्टीफन्सनच्या ‘स्नो क्रॅश’ (१९९२) मधला शब्द. त्या कादंबरीतलं जग चांगलंच भकास आहे. तरीही २०२१ मध्ये फेसबुकने त्यावरून कंपनीचं नाव ‘मेटा’ ठेवलं. लेखकाने धोक्याची पाटी लावली आणि वाचकाने ती घराचा नकाशा म्हणून वापरली, असंच म्हणायचं. मे २०२४ मध्ये ओपनएआयने बोलणारा एआय सादर केला, तेव्हा सॅम ऑल्टमनने ‘हर’ या २०१३ च्या चित्रपटाचं एका शब्दात नाव घेतलं होतं. त्या चित्रपटात एक एकाकी माणूस एका आवाजाच्या प्रेमात पडतो. इथे भाकीत खरं ठरलं असं म्हणता येत नाही. पाहणाऱ्यांनी ती कल्पना मागणी म्हणून वाचली आणि बनवायला घेतली.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे कादंबरी शब्द देते. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेकच्या नाटकातून आला, चेक भाषेतल्या वेठबिगारीच्या अर्थाच्या शब्दावरून. ‘बिग ब्रदर’ हा असाच शब्द. मोबाइलमध्ये सक्तीचं सरकारी ॲप, एवढं ऐकल्याबरोबर कोट्यवधी लोकांना धोका लगेच कळला, कारण त्या धोक्याला नाव आधीपासून होतं. पानभर तांत्रिक स्पष्टीकरण लागलं नाही. आदेश काही दिवसांत मागे गेला त्यात या शब्दाचा वाटा किती हे मोजता येणार नाही, पण विरोधाला भाषा त्याने दिली हे नक्की.

इथपर्यंत कादंबऱ्यांचं कौतुकच आहे. अडचण पुढे आहे.

ऑर्वेलचा हिशेब

‘१९८४’ बद्दल एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. त्या कादंबरीत पाळत सगळ्यांवर नसते. घरात टेलिस्क्रीन असतो तो पक्षाच्या सदस्यांच्या. कष्टकरी वर्ग, म्हणजे ‘प्रोल’, लोकसंख्येच्या ८५ टक्के आहेत आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी टेलिस्क्रीन नाही. सत्तेला त्यांची तेवढी पर्वा नाही. आणि सदस्यांवरसुद्धा चोवीस तास नजर असेलच असं नाही, आपल्याकडे आत्ता कोणी बघतंय की नाही हे त्यांना कळत नाही एवढंच.

हे असं का? कारण ऑर्वेलच्या जगात बघायला माणूस लागतो. आणि माणूस महाग असतो. हा हिशेब त्या काळापुरता अगदी बरोबर होता. पूर्व जर्मनीचं गुप्तहेर खातं ‘स्टासी’ याचं प्रत्यक्ष उदाहरण आहे. १९८९ मध्ये सुमारे एक कोटी चौसष्ट लाख लोकांच्या त्या देशात स्टासीचे पूर्णवेळ कर्मचारी सुमारे ९१ हजार होते, आणि दीड लाखाहून जास्त खबरे वेगळे. एवढी फौज बाळगूनही सगळ्यांवर सतत नजर ठेवणं त्यांना शक्य नव्हतं.

आता आजचा हिशेब करू. एका माणसाचं ठिकाण एकदा नोंदवायला साधारण १०० बाइट पुरतात: अक्षांश, रेखांश, वेळ आणि ओळख क्रमांक. मिनिटाला एक नोंद धरली तर आठ तासांच्या पाळीत ४८० नोंदी, म्हणजे ४८ केबी. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर १४.४ एमबी. एक हजार कामगारांचा वर्षभराचा मिनिटामिनिटाचा ठावठिकाणा १४.४ जीबीत मावतो. १६ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये! आणि ती पाहायलाही माणूस लागत नाही. ‘अमुक मिनिटांपेक्षा जास्त वेळ थांबला तर कळव’ एवढा नियम लिहिला की झालं.

माझ्या एका जुन्या नोकरीत फिरतीवरच्या कर्मचाऱ्यांसाठीचं ॲप होतं. त्यात ठिकाणाची नोंद दर १५ मिनिटांनी व्हायची. ग्राहक कंपनीच्या मागणीवरून ती दर मिनिटाला करायचं ठरलं. सेटिंगमधला एक आकडा बदलला, दुपारपर्यंत काम संपलं. कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं, चर्चा झाली ती बॅटरी किती लवकर उतरेल याची. ज्यांच्या खिशात ते फोन होते, त्यांना विचारायची पायरी आमच्या कामाच्या यादीतच नव्हती. स्टासीला ज्यासाठी हजारो माणसं लागली असती, ते इथे एका आकड्यात झालं.

खर्च शून्याच्या जवळ आला की पाळतीची दिशा उलटी होते. ऑर्वेलच्या जगात सत्तेच्या जवळचा माणूस सर्वांत जास्त पाहिला जातो आणि गरीब मोकळा असतो. आज ज्याला नाही म्हणता येत नाही तोच सर्वांत जास्त मोजला जातो. डिलिव्हरीवाल्याचं प्रत्येक वळण नोंदलं जातं, कॉल सेंटरमधल्या मुलीचा प्रत्येक सेकंद मोजला जातो. मनरेगाच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून एनएमएमएस या ॲपवरून दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो ठिकाणासह टाकणं बंधनकारक झालं. ज्या रोजगार हमीची सुरुवात आपल्या महाराष्ट्रात सत्तरच्या दशकात हजेरीपटावर झाली, तिचा हा पुढचा अवतार. नेटवर्क नसलं की हजेरी लागत नाही, हजेरी नाही तर मजुरी अडकते, ही तक्रार घेऊन मजूर २०२३ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर बसले होते. आणि भ्रष्टाचार थांबला का? जुलै २०२५ मध्ये खुद्द ग्रामीण विकास मंत्रालयाने परिपत्रकात मान्य केलं की भलतेच फोटो, फोटोचेच काढलेले फोटो टाकले जातायत.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. स्मार्टफोन विकत घेणाऱ्यांवर एका ॲपची सक्ती आली, तेव्हा काही दिवसांत देश जागा झाला. उन्हात उभ्या मजुराला दिवसातून दोनदा कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याची सक्ती झाली, तेव्हा ‘बिग ब्रदर’ हा शब्द फारसा कोणाच्या तोंडी आला नाही. कादंबरीतल्या चित्राशी ते जुळत नव्हतं ना! चित्रात मध्यमवर्गीय नायक आहे, खोली आहे, भिंतीवर पडदा आहे. रोहयोच्या खड्ड्यावरची बाई त्या चित्रात नाही.

नाव नसलेली गोष्ट

“पण मग ऑल्डस हक्स्लीचं काय?” असं तुमच्यापैकी काही जण म्हणतील. बरोबर आहे. हक्स्लीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) मध्ये दडपशाहीची फारशी गरजच पडत नाही, लोक सुखाच्या गोळीवर खूश असतात. हक्स्ली एके काळी शाळेत ऑर्वेलला फ्रेंच शिकवायचा. ‘१९८४’ वाचल्यावर त्याने ऑक्टोबर १९४९ मध्ये ऑर्वेलला पत्र लिहून सांगितलं की पुढचे राज्यकर्ते बुटाऐवजी जास्त सोपे, कमी खर्चाचे मार्ग शोधतील. रील्सवर रात्री दीड वाजेपर्यंत अंगठा फिरवणाऱ्या आपल्या पिढीला हक्स्ली जास्त जवळचा वाटतो.

तरी हक्स्लीच्या जगातही गोळी वाटणारं सरकारच आहे. आपल्याकडे मात्र आपलं लक्ष विकत घेणारा एक बाजार आहे. तो बाजार कोणाला दिसला होता? फ्रेडरिक पोल आणि सिरिल कॉर्नब्लुथ या जोडीला. त्यांची ‘द स्पेस मर्चंट्स’ (१९५३) ही मासिकात क्रमशः आलेली, रंजक म्हणून वाचली गेलेली विज्ञानकादंबरी. त्यात जगावर जाहिरात कंपन्यांचं राज्य आहे आणि एका कॉफीत मुद्दाम सवय लावणारं रसायन घातलेलं आहे, एकदा प्यायली की ग्राहक जन्माचा बांधला गेला. आजच्या ॲपच्या धंद्याशी हे चित्र ऑर्वेलपेक्षा कितीतरी जास्त जुळतं. तरी ही कादंबरी तुम्ही बहुधा ऐकलेली नसेल. तिने ‘बिग ब्रदर’सारखा एक शब्द मागे ठेवला नाही, आणि म्हणून त्या धोक्याला आजही धड नाव नाही. विमानतळावरच्या डिजियात्राचंच घ्या. २०२२ च्या डिसेंबरपासून सुरू झालेली ही सेवा ऐच्छिक आहे, आणि उड्डाणानंतर २४ तासांत विमानतळावरची माहिती पुसली जाते असं सांगितलं जातं. सक्ती कुठेच नाही. फक्त चेहरा दाखवणाऱ्यांची रांग लहान आणि कागद दाखवणाऱ्यांची मोठी. याला हुकूमशाही म्हणता येत नाही आणि पूर्ण मोकळी निवडही म्हणता येत नाही. मग म्हणायचं काय?

वामनाची पावलं

मला वाटतं, यासाठी आपल्याला लांब जायला नको. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत एका प्राचीन, प्रगत संस्कृतीने ठेवलेला ठेवा सापडतो, त्यातल्या माहितीवरून बुद्धिमान यंत्रमानव तयार होतो, आणि मग त्याच्यावर ताबा कोणाचा हा प्रश्न उभा राहतो. त्या यंत्रमानवाचं नाव नारळीकरांनी ‘वामन’ ठेवलं. आज एआयच्या चर्चेत ही कादंबरी आठवणं साहजिक आहे, पण मला जास्त उपयोगी वाटतं ते तिचं नाव.

वामनाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मागणारा बटू असतो, मागणी तीन पावलांची असते, आणि बळीराजा ती स्वखुशीने मान्य करतो. फसवणूक होते ती ‘हो’ म्हटल्यानंतर पावलाचं माप बदलतं तिथे. ॲपला दिलेली परवानगी अशीच असते. ठिकाण दिलं ते टॅक्सी बोलवायला, वापरलं गेलं जाहिरातीसाठी. फोटो दिला तो हजेरीसाठी, उद्या तो कशासाठी वापरला जाईल? सक्ती ओळखायला आपल्याला ‘बिग ब्रदर’ मिळाला. संमती घेऊन माप बदलणं ओळखायला ‘वामनाचं पाऊल’ म्हणायला काय हरकत आहे?

कायद्यातही हीच फट आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी माहिती वापरायची, हे तत्त्व त्यात आहे. म्हणजे पावलाचं माप ठरलेलं असावं, ही अपेक्षा मान्य झाली. पण सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. आणि नोकरीशी संबंधित कारणांसाठी मालकाला कर्मचाऱ्याची संमती न घेताही माहिती वापरता येते. म्हणजे जो सर्वांत जास्त मोजला जातो, त्याच्याच बाबतीत ‘विचारलं का?’ हा प्रश्न विचारायची सोय सर्वांत कमी.

थोडक्यात सांगायचं तर, डिस्टोपियन कादंबऱ्या वाचायलाच हव्यात, पण पंचांगासारख्या नको. त्या चोर ओळखायला शिकवतात, तो कुठल्या दाराने येईल हे सांगत नाहीत. म्हणून पुढच्या वेळी एखादी नवी डिजिटल व्यवस्था आली की ‘हे ऑर्वेलसारखं आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. तीन साधे प्रश्न विचारा. यात नाही कोणाला म्हणता येतं आणि कोणाला येत नाही? नाही म्हटल्यावर काय गमवावं लागतं, रांगेतली दहा मिनिटं की दिवसाची मजुरी? आणि आज दिलेली माहिती उद्या दुसऱ्या कामाला वापरायची ठरली, तर ते कोण ठरवणार?

या प्रश्नांची उत्तरं कुठल्याही कादंबरीत सापडणार नाहीत. ती आदेशाच्या मसुद्यात, ॲपच्या परवानग्यांच्या यादीत आणि आमच्यासारख्यांच्या सेटिंग फाइलमध्ये असतात. तिथे बघायची सवय लागली पाहिजे.